एक वही कमी

लाटंबार्से येथील आमच्या घराच्या माळ्यावर फणसाच्या लाकडाचा एक पेटारा आहे. त्याच्या कडीला कुलूप असे आणि कुलपाची किल्ली आजोबांच्या जानव्याला. वर्षातून एकदा, वैशाखातले ऊन कडक पडले म्हणजे, दोघे गडी तो पेटारा खाली आणीत. राजांगणात चटई अंथरली जाई आणि आजोबा स्वतः एकेक रुमाल सोडून आतले कागद उन्हाला लावीत. आम्हा मुलांना त्या चटईपासून दहा हात दूर उभे राहण्याची आज्ञा होती. संध्याकाळी प्रत्येक रुमालात वेखंडाचा तुकडा आणि कडुनिंबाचा सुकलेला पाला घालून कागद परत बांधले जात आणि पेटारा माळ्यावर जाई. त्या कागदांत काय आहे, असे मी एकदा विचारले होते. "आपले घर आहे," एवढेच उत्तर मिळाले.

गेल्या वर्षी माझी पुतणी आपल्या दोन मैत्रिणींसह त्या पेटाऱ्याचे छायाचित्रण करण्यासाठी आली. ती इतिहासाची विद्यार्थिनी आहे. या कामाला ती 'अंकीकरण' म्हणते, तिच्या मैत्रिणी सरळ 'डिजिटायझेशन' म्हणतात, आणि आमच्या घरची कामवाली बाई 'कागदांचे फोटो' म्हणते. तिन्ही शब्दांचा अर्थ एकच असला तरी मला तिसरा शब्द सर्वांत प्रामाणिक वाटला.

आजोबांच्या वैशाखी उन्हाची हकीकत मी मुलींना मोठ्या कौतुकाने सांगितली. पुतणी हसली आणि म्हणाली, "काका, उन्हाने कसर पळते हे खरे, पण कागदाचा जीवही जातो. तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो." वर्षानुवर्षे ज्याला आम्ही सेवा समजत होतो तो थोडाथोडा अपघातच होता, हे ऐकून मला चमत्कारिक वाटले. तथापि आजोबांचा पक्ष अगदीच लंगडा नव्हता. आमच्याकडे मृगापासून चार महिने भिंतीलाही पाणी सुटते. त्या दमटपणात बुरशी आणि वाळवी यांच्या तावडीतून जे काही वाचले, ते त्यांच्या त्या वार्षिक उचापतीमुळेच वाचले. कागद कोणीतरी दरवर्षी हाताळला, ही गोष्टसुद्धा लहान नव्हे.

काम सुरू झाले. मऊ कुंचल्याने धूळ झाडायची. वही पूर्ण उघडून दाबायची नाही, दोन्ही बाजूंना उश्या देऊन जेवढी सहज उघडेल तेवढीच उघडायची. वरून कॅमेरा, शेजारी मोजपट्टी आणि रंगांची पट्टी, म्हणजे पुढे पाहणाऱ्याला पानाचे खरे माप आणि खरा रंग कळावा. कोरे पानसुद्धा वगळायचे नाही, कारण कोरेपणा हीदेखील माहितीच आहे. एका इंचात चारशे ठिपके या हिशेबाने साधारण ए-फोर आकाराच्या रंगीत पानाची न दाबलेली प्रत सुमारे 45 मेगाबाइटची होते; दोनशे पानांची एक वही म्हणजे 9 गिगाबाइट. त्या सर्वांच्या तीन प्रती, आणि त्यांपैकी एक तरी गावाबाहेर. हे सर्व हिशेब ऐकताना मला आमच्या जुन्या कारकुनांची आठवण झाली. तेही महत्त्वाच्या पत्राची एक नक्कल आपल्याजवळ ठेवीत आणि मगच जासूद रवाना करीत.

शाईची एक गंमत या निमित्ताने कळली. वह्यांतील मोडी मजकूर काजळाच्या शाईने बोरूने लिहिलेला आहे. तो आजही कालच लिहिल्यासारखा काळाभोर दिसतो. उलट पोर्तुगीज अमदानीतल्या पापेल सेलादवर, म्हणजे मुद्रांकित कागदावर, जी सरकारी शाई वापरलेली आहे ती लोहयुक्त. ती वर्षानुवर्षे कागद खात राहते. काही दस्तऐवजांत अक्षरे झडून गेली आहेत आणि अक्षरांच्या आकाराची भोके तेवढी उरली आहेत.

मी मोडी शिकलो तो नोकरीतून निवृत्त झाल्यावर. त्यामुळे मुलींना मथळे वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले. पेटाऱ्यातला सर्वांत जुना कागद भाताच्या पावतीचा निघाला. त्यावर तारखेच्या जागी 'इसन्ने समानीन मया व अलफ' असे लिहिलेले. मुली गोंधळल्या. ही शुहूर सनाची रीत. अरबी संख्यावाचक शब्द उलट क्रमाने वाचायचे: दोन, ऐंशी, शंभर आणि हजार, म्हणजे 1182. त्यात 599 मिळवले की इसवी सन 1781 येते आणि ते वर्ष मृगाला सुरू होऊन पुढल्या मृगाला संपते. हेच ते वर्ष. सावंतवाडीकर भोसल्यांच्या हातून डिचोली आणि सत्तरी याच सुमारास, 1781-82 मध्ये, पोर्तुगीजांकडे गेली. पेडणे 1788 मध्ये गेले. इतिहासाच्या पुस्तकांत हे मोठे स्थित्यंतर आहे. आमच्या कागदाला त्याचा पत्ताही नाही. अमुक कुडव भात मापून पावले, एवढेच तो सांगतो. राज्य कोणाचेही असो, भात मापावे लागतेच. सूचीत मुलींनी शुहूर, शक आणि इसवी असे तीन रकाने केले, कारण पुढे पुढे त्याच घराण्याच्या वह्यांत शक येतो आणि पोर्तुगीज कागदांत इसवी सन. एका पेटाऱ्यात तीन कालगणना नांदत होत्या आणि त्यांचे कधी भांडण झालेले दिसत नाही.

आमच्या पेटाऱ्यानंतर मुलींना गावच्या देवस्थानचे दप्तर हवे होते. नव्या काबिजादीतल्या कित्येक देवस्थानांपाशी असे दप्तर असते: जमाखर्चाच्या वह्या, मानपानाच्या याद्या, आणि मजानीचे पोर्तुगीज कागद. 1886 आणि पुन्हा 1933 साली पोर्तुगीज सरकारने देवालयांच्या मजानींसाठी नियमावली केली. महाजनांची नोंदवही आणि देवस्थानची घटना लिहून ठेवणे त्यामुळे आवश्यक झाले. म्हणजे ज्या सरकारला देवळाचे फारसे प्रेम नव्हते, त्याच्याच नियमांमुळे देवळांचा इतिहास कागदावर आला. परंतु मंडळींनी दप्तर देण्यास प्रथम साफ नकार दिला. त्यांच्या नकाराला कारण होते. अनेक वर्षांपूर्वी एका अभ्यासकाने एक वही चार दिवसांच्या बोलीवर नेली, ती आजतागायत परत आली नाही. त्या वहीची आठवण निघाली की आजही म्हाताऱ्यांचे आवाज चढतात. मुलींनी सांगितले, "वही देवळाच्या चौकटीबाहेर जाणार नाही. आम्हीच कॅमेरा घेऊन येऊ आणि पहिली प्रत तुमच्या हातात देऊ." तेव्हा कुठे गाठ सुटली. कागद जिथे आहे तिथेच राहतो आणि तरीही दूरच्या माणसाला वाचता येतो, हा या नव्या विद्येचा माझ्या मते सर्वांत मोठा गुण आहे.

राजवाड्यांच्या काळात ही सोय नव्हती. वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून दप्तरे धुंडाळीत हिंडले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड 1898 साली निघाला आणि 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. आमच्या गोमंतकातला असा तपस्वी म्हणजे डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर. 1894 साली जन्मलेल्या या माणसाचे गाव पिसुर्ले, आमच्या डिचोलीला लागून असलेल्या सत्तरीतले. पणजीच्या ज्या पुराभिलेखागाराची स्थापना 1595 साली झाली आणि ज्याचा पहिला रक्षक दियोगू दु कोतू हा इतिहासकार होता, त्याची धुरा या खेडेगावच्या पुत्राने सुमारे तीन दशके वाहिली. तिथे कोणते कागद कुठे आहेत हे सांगणारी मार्गदर्शिका त्यांनी 1955 साली प्रसिद्ध केली. त्याच दशकात लिस्बनच्या एका संस्थेने त्या कागदांचे सूक्ष्मचित्रण, म्हणजे मायक्रोफिल्म, करण्यास आरंभ केला होता. आज जे चालले आहे त्याची ती थोरली बहीणच म्हणायची.

नक्कल का असावी, याचे उत्तर आमच्या इतिहासाने फार पूर्वी दिले आहे. 1 नोव्हेंबर 1755 रोजी लिस्बनला भूकंप झाला आणि 'काझ दा इंदिया' या कचेरीचे दप्तर नष्ट झाले. हिंदुस्थानच्या व्यवहाराचे पुष्कळसे वृत्त आज कळते ते गोव्यात राहिलेल्या कागदांवरून. आणि उलट उदाहरण कृष्णदास शामा यांचे. केळशीच्या या कवीने 1526 साली 'श्रीकृष्णचरित्रकथा' रचावयास घेतली. त्या काळच्या गोमंतकातल्या मूळ पोथ्या धर्मांतराच्या धामधुमीत गेल्या. परंतु जेझुइट पाद्रींनी आपल्या अभ्यासासाठी रोमन लिपीत करवून घेतलेल्या मराठी आणि कोकणी हस्तलिखितांच्या नकला दूर पोर्तुगालात ब्रागा येथे सापडल्या. आज पणजीच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाला, 1832 साली स्थापन झालेल्या त्या संस्थेला, याच कवीचे नाव आहे. ज्यांनी मोडले त्यांच्याच घरी नक्कल राहिली. इतिहासाला अशा गोष्टींची लाज वाटत नाही.

परंतु हे सर्व सरकारचे आणि ग्रंथांचे झाले. घरच्या वह्यांचे काय? 2003 साली केंद्र सरकारने हस्तलिखितांसाठी राष्ट्रीय मिशन सुरू केले, तेव्हा हस्तलिखित कशाला म्हणावे याची व्याख्या केली गेली. पाऊणशे वर्षांहून जुनी, हाताने लिहिलेली, ज्ञानविषयक मूल्य असलेली पोथी त्यात बसते. महसुलाचे कागद, फर्माने वगैरे त्यात बसत नाहीत. व्याख्या चुकीची आहे असे मी म्हणत नाही. परंतु तिच्यामुळे देवघरातली पोथी आत गेली आणि माळ्यावरची कीर्द-खतावणी बाहेर राहिली. आमच्या गावाचा इतिहास मात्र पोथीत नाही, तो खतावणीत आहे. कोणाचे शेत कोणी कसले, कोणाच्या लग्नाला किती भात उसने गेले, पटकीच्या वर्षी देवळात कोणी काय बोलले, हे तिच्याशिवाय कुठेच नाही.

आता मला मूळ गोष्टीकडे आले पाहिजे. इतका वेळ मी इतिहास सांगत बसलो त्याचे खरे कारण हे की ती सांगणे मला जड जात आहे.

चौथ्या दिवशी संध्याकाळी पुतणी सूची घेऊन माझ्यापाशी आली. आमच्या पणजोबांच्या खतावण्या लाल खारव्याच्या बांधणीच्या, वर्षाला एक अशा आहेत. "काका," ती म्हणाली, "शके 1836 आहे, 37 आहे, 39 पासून पुढे सगळ्या आहेत. एक वही कमी आहे."

मी म्हटले, "वाळवीने खाल्ली असेल."

वही माझ्या कपाटात, धोतरांच्या खाली होती. मुली यायच्या आदल्या रात्री मीच ती पेटाऱ्यातून काढून घेतली होती.

मोडी शिकल्यावर पहिल्याच वर्षी ती मी वाचली होती. शके 1838, म्हणजे 1916-17. आमच्या वाड्याच्या खालच्या अंगाला ज्यांचे घर आहे त्या शेजाऱ्याच्या पणजोबांनी आमच्याकडून साठ रुपये घेतले होते आणि ओढ्याकाठचे शेत गहाण दिले होते. नोंदीखाली वेगळ्या हाताने नाही, पणजोबांच्याच हाताने, लिहिले आहे: मुद्दल व व्याज भरून पावले, बेबाक जाले, गहाणखत फाडून टाकणे. गहाणखत फाडलेले नव्हते. ते पापेल सेलादवरचे, शाईने जागोजाग भोके पाडलेले, खाली अंगठ्याचा ठसा असलेले खत त्याच पेटाऱ्यात दुसऱ्या रुमालात नीट घडी करून ठेवलेले होते. शेत आमच्या नावावर राहिले. शेजाऱ्याचे घराणे तेच शेत पुढे साठ वर्षे कूळ म्हणून कसत राहिले आणि दरवर्षी खंडाचे भात आमच्या वळईत आणून ओतत राहिले. पुढे गोव्याच्या कूळकायद्यात 1976 साली दुरुस्ती झाली, कसणारा मालक ठरला, आणि शेत त्यांचे झाले. तेही किंमत भरून. मामलेदाराने ठरवायची अशी तरतूद होती. ती रक्कम माझ्या वडिलांनी घेतली. त्यांना मोडी येत नव्हते. आजोबांना येत होते.

ही गोष्ट ठाऊक झाल्यापासून मी गप्प होतो. त्या घराच्या मुलाबरोबर मी प्राथमिक शाळेत एका पाटीवर लिहिले आहे. लहानपणी तो मला 'तूं' म्हणे. कळता झाल्यावर 'भाई' आणि 'तुमी' म्हणू लागला. या बदलाचे मला कधी काही वाटले नव्हते. ती नोंद वाचल्यानंतर त्याने हाक मारली की वाटू लागले. तरी मी मनाची समजूत घातली, की कायद्याने आता सर्व सारखे केले आहे, मेलेल्यांच्या चुका उकरून काय मिळणार. आपल्या घराची अब्रू झाकताना माणूस किती शहाणपणाची वाक्ये बोलू शकतो, याचा अनुभव मी घेतला आहे.

पण सूचीने मला पकडले. पेटाऱ्यात नुसते कागद असतात तेव्हा एक गेला तरी कोणाला कळत नाही. क्रमांक घातले की जागा रिकामी दिसू लागते. शके 1838 समोर पुतणीने 'अप्राप्य' असे लिहिले होते. तो शब्द मी रात्री दोनदा उठून पाहिला. ज्या अभ्यासकाने देवळाची वही परत केली नाही त्याच्याविरुद्ध मी आयुष्यभर तावातावाने बोलत आलो होतो. त्याच्यात आणि माझ्यात आता फरक काय उरला होता?

सकाळी वही पंचाच्या घडीत घेऊन मी खालच्या घरी गेलो. शेजारी पोरसात मिरच्यांना पाणी घालीत होता. आम्ही पडवीत बसलो. मी नोंद वाचली. तो म्हणाला, "वाचात परत." मी पुन्हा वाचली.

"बेबाक म्हळ्यार फारीक न्ही?"

मी म्हटले, "होय."

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "भाई, ही गजाल आमच्या घरांत सगल्यांक खबर आसा. आमच्या आजयेन सांगिल्ली. फकत कागद नाशिल्लो."

म्हणजे जे मी इतकी वर्षे लपवीत होतो ते त्याला लहानपणापासून माहीत होते. त्याच्या आजीने सांगितले आणि गावाने ते म्हातारीचे बोलणे म्हणून सोडून दिले. आम्हा कागदवाल्यांच्या तोंडापुढे बिनकागदाच्या माणसाचे बोलणे कोण धरून बसतो? मी पुटपुटत काही क्षमेचे बोललो. ते त्याने ऐकले की नाही कळले नाही. ही वही छायाचित्रांत घालू की नको, ते तूच सांग, असे मी म्हटले.

"आतां ती तुमी लिपयली जाल्यार आमचें खरें कोण मानतलो?" तो म्हणाला. "फोटो काडात. पूण दोनूय कागद एकामेकां लागीं दवरात. आनी एक प्रत म्हाका दियात."

दोन्ही कागद एकमेकांजवळ ठेवा. अभिलेखशास्त्राची पुस्तके वाचून मुलींना जे सुचले नसते ते त्याने एका वाक्यात सांगितले. गहाणखत एकटे पाहणाऱ्याला शेत आमचे दिसेल. वहीतील नोंद त्याच्या शेजारी असली तरच खरे दिसेल. पुतणीने सूचीत दोन्ही कागदांच्या क्रमांकांपुढे एकमेकांचे क्रमांक लिहिले आणि 'अप्राप्य' हा शब्द खोडला. वही कुठे मिळाली, असे तिने विचारले नाही. मीच सांगितले. ती म्हणाली, "हेही टिपून ठेवू का, काका?" मी हो म्हटले. त्यामुळे आता पुढे कधी कोणी ती सूची उघडली तर शके 1838 ची खतावणी चार दिवस कोणाच्या कपाटात होती, हेही त्याला वाचायला मिळेल.

देवळाच्या वह्यांचे काम अजून चालू आहे. त्यांत बहिष्काराच्या, दंडाच्या, देवळाच्या सेवेला लावलेल्या स्त्रियांच्या नोंदी आहेत. त्या सरसकट जगापुढे उघड्या करू नयेत. ज्यांच्या घरांची नावे त्यांत आहेत त्या घरांना आधी विचारावे, असे मी मंडळींना सुचवले आहे. काहींना ते पटले, काहींना ही नसती कटकट वाटते. कागद ज्याच्या पेटाऱ्यात असतो तो त्याचा मालक, अशीच आपली पिढ्यानपिढ्यांची समजूत आहे. ज्याचे नाव कागदावर आहे त्याचाही त्यावर काही हक्क असतो, हे मला एवढ्या वयात खालच्या घराच्या पडवीत बसून कळले.

प्रत छापून मी स्वतः नेऊन दिली. शेजाऱ्याने ती दोन्ही हातांनी घेतली, चष्मा लावून मोडी अक्षरांकडे पाहिले आणि मला विचारले, "'बेबाक' खंय बरयलां?" मी बोट ठेवून दाखवले. त्याने नातवाला हाक मारली आणि त्याचे बोट धरून त्या शब्दावर ठेवले. मग आत जाऊन त्याने आपली पत्र्याची पेटी उघडली आणि रेशनकार्डाच्या शेजारी तो कागद ठेवून दिला.